काचेपलीकडचा गोबरा

काच ही पारदर्शक वस्तू आहे असं ज्याने लिहून ठेवलं, त्याने आयुष्यात कधी मत्स्यालयात फोटो काढलेला नाही.

बांद्याला हायवेवर आमच्या सुलूची (म्हणजे सौभाग्यवतींची!) खानावळ दुसऱ्या दिवशी उघडायची होती आणि बॅनरवर मासाच नव्हता! छापणारा म्हणाला, "इंटरनेटवरचो एखादो टाकतंय." कोणी विचारलेलं नसताना मी गरजलो, "परको मासो आमच्या दारात? जित्या मालवणी माशाचो फोटो सांजेपर्यंत मी हाडतंय!"

म्हणून मी, सुलू आणि तिचे आबामामा मालवणच्या बाजूला एका छोट्या मत्स्यालयात पोचलो. (मामांना यायचं काहीच कारण नव्हतं, गाडीत जागा होती.)

मधल्या टाकीत एक भलामोठा गोबरा होता. जाड ओठ, वाकडं तोंड, लग्नात मान न मिळालेल्या काकासारखा! मी फोटो काढला. फोटोत माझा पांढरा शर्ट, त्यावर छताचा दिवा आणि बेंबीच्या आसपास एक शेपटी.

"अवो, माशाचो फोटो काढतास की पोटाचो?" सुलू म्हणाली.

दुसऱ्या वेळी फ्लॅश उडाला. फोटोत नुसता सूर्योदय! रखवालदार ओरडला, "सायबानू, फ्लॅश मारू नकात! मासे भियतत!"

मग मला युक्ती आठवली. मोबाइल काचेलाच टेकवायचा आणि मागून उजेड येऊ द्यायचा नाही. सुलूने माझ्यामागे काळी छत्री उघडली. आणि काय सांगू, काच नाहीशीच झाली! गोबरा समोर येऊन उभा. मी बोट उचललं...

"थांबा जावयानू!" मामा कडाडले. "गाऱ्हाणा खंय घातलास?"

(आमच्याकडे देवाला मोठ्याने सांगितल्याशिवाय कुठलंच काम सुरू होत नाही.) मामांनी हात जोडले. "बा देवा म्हाराजा! ह्या लेकरान माशाचो फोटो काढूक घेतलो हा, तो बरो येऊ दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

हे आम्ही नाही, अख्खं मत्स्यालय ओरडलं! सगळी माणसं आमच्याच जिल्ह्यातली. गाऱ्हाणं कानावर पडलं की 'व्हय' आपोआप बाहेर पडतं. काचा थरथरल्या आणि गोबरा जो पळाला, तो टाकीच्या पार दुसऱ्या टोकाला!

तेवढ्यात रखवालदार म्हणाला, "चला, बंद करूची येळ झाली."

सुलूने माझ्या हातातून मोबाइल हिसकावला. "द्या हयसर! तुमी पलीकडे जावा आनि तेका माझ्याकडे हाकला!"

टाकी दोन्ही बाजूंनी काचेची. मी पलीकडे गेलो, काचेला नाक चिकटवलं, गाल फुगवले, डोळे वटारले. गोबऱ्याने माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि जीव घेऊन सुलूकडे धावला. (मला घाबरणारा घरातला-बाहेरचा हा पहिलाच प्राणी!)

क्लिक!

फोटो अप्रतिम! ना चकाकी, ना सावली, एकेक खवला मोजून घ्यावा. फक्त त्या गोबऱ्याच्या मागे, पाण्यामुळे दुप्पट झालेलं, चपट्या नाकाचं एक तोंड होतं. कापायला जावं तर माशाची शेपटी जात होती. बॅनर तसाच लागला.

दुसऱ्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक बराच वेळ बॅनरकडे बघत उभं राहिलं. मग आत येऊन बसलं आणि म्हणालं, "वयनी, फुडचो तळून दे. मागचो मोठो नको, तो शिळो दिसता."