एका शब्दासाठी वाशिमला

किन्हीराजात कोणाकडे इंग्रजी कागद आला की तो रज्जाक दर्ज्याकडे जायचा. रज्जाक इंग्रजी शाळेत गेलेला नव्हता. तरुणपणी अकरा वर्षं तो कामठीच्या छावणीत गोऱ्या साहेबांचे कोट शिवत होता. कानावर पडेल ते शिकला, आणि तिथल्या एका म्हाताऱ्या कारकुनाने त्याला अक्षरं लावायला शिकवलं. गावाला तेवढं पुष्कळ होतं. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी असो की कोर्टाचं समन्स, तो वाचून द्यायचा. अडलं तर अंदाजाने निभावून न्यायचा, आणि आजवर त्याचा अंदाज कोणाला भोवला नव्हता.

बेचाळीसच्या उन्हाळ्यात गोजराबाई सरकारी पाकीट घेऊन आली. तिचा एकुलता एक मुलगा जानराव मोटार चालवायला शिकून पलटणीत गेला होता, आणि सिंगापूर जपान्यांच्या हाती पडल्यापासून त्याचं पत्र नव्हतं. तिच्या मागे जानरावची बायको उभी होती, पदराचं टोक दातांत धरून.

कागदात चारच ओळी होत्या. जानरावचं नाव, नंबर, तारीख लागली. तो बेपत्ता आहे हेही लागलं. शेवटच्या ओळीत मात्र ‘फेट’ असा शब्द होता, आणि त्याच्यापुढे ‘माहीत नाही’.

छावणीतली मडम पत्ते खेळताना वाईट पानं आली की हसून हाच शब्द म्हणायची. तेव्हा त्याने तो नशीब या अर्थी धरला होता. पण एक कप्तान घोड्यावरून पडून मेला, त्या दिवशी टोप्या काढून उभे असलेले साहेब म्हणाले होते की त्याची फेटशी गाठ पडली. मग हे नशीब, की मरण?

“काय लिवलं हाय?” गोजराबाईने विचारलं.

“जानराव सापडून नाही राह्यला. अन् त्याच्या नशिबाचं मालूम नाही म्हनते.”

“नशीब तं कोनालेच मालूम नसते, रज्जाकभाऊ. हे सांगाले सरकारनं मले कागद कायले धाडला?”

वाशिमला जाऊन इंग्रजीच्या मास्तरांना विचारतो, तोवर मनाला काही लावून घेऊ नको, असं सांगून त्याने कागद ठेवून घेतला. घरात जाऊन बायकोला, जैतुनबीला, त्याने दोन्ही अर्थ सांगितले, नशीबही आणि मरणही.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या मालेगावहून कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीत बसल्यावर त्याला आठवलं, की आपण बायकोशी बोलत होतो तेव्हा उंबऱ्याशी बांगड्या विकणारी सुलतानबी बसली होती. बाई वाईट नव्हती. पण घरोघरी बायकांचे हात हातात घेऊन बांगड्या भरताना तिच्या तोंडून गोष्ट निघून जायची. मोटार दोनदा बंद पडली. रज्जाकला उतरून उलट पावली पळावंसं वाटत होतं, पण उत्तर न घेता परतून तरी काय सांगणार?

मास्तरांनी कागद दोनदा वाचला. शब्द एकच, म्हणाले, पण इंग्रज लोक तो तीन तऱ्हांनी वापरतात. कपाळी लिहिलेलं तेही फेट, आणि मरण आलं तर तेही. अशा सरकारी कागदात मात्र त्याचा अर्थ एवढाच, की पुढे त्या माणसाचं काय झालं. ते त्यांना कळलेलं नाही.

“म्हणजे जिवंत आहे?”

मास्तरांनी चष्मा काढला. “तसंही लिहिलेलं नाही.”

परतीची मोटार निघालीच नाही. रज्जाक चालत आला, मालेगावात पाठ टेकली आणि सकाळी गावात शिरला. गोजराबाईच्या अंगणात बायका जमल्या होत्या. मधोमध सून बसली होती. तिच्या डाव्या हातातल्या बांगड्या फोडून झाल्या होत्या आणि मनगटावर रक्ताची रेघ उमटली होती.

“थांबा,” रज्जाक फाटकातूनच म्हणाला. “मरनाचं नाही लिवलं त्याच्यात.”

गोजराबाईचा दीर जगदेव उठून पुढे आला. “मंग जित्ता हाय काय? कुरानाची आन घेऊन सांग.”

हो म्हणावं, असं रज्जाकला फार वाटलं. सगळे त्याच्या तोंडाकडे पाहत होते.

“नाही सांगू शकत. मले मालूम नाही, सरकारलेबी मालूम नाही. माह्या तोंडून भलता शब्द निघाला, तो माहा गुन्हा हाय.”

गोजराबाईने सुनेचा उजवा हात उचलून आपल्या पदराखाली घेतला आणि बायकांना घरी जायला सांगितलं. दुपारी सुलतानबी आली आणि सुनेच्या डाव्या हातात नव्या बांगड्या भरून गेली.

त्यानंतर साडेतीन वर्षं टपालवाला दिसला की रज्जाकचं मशीन थांबायचं. अंदाजाने वाचणं त्याने सोडलं. अडलेला शब्द तो लिहून घ्यायचा आणि वाशिमला जाऊन विचारायचा. लोक उशिरावरून कुरकुरायचे.

पंचेचाळीसच्या हिवाळ्यात जानराव कैदेतून सुटून आला. ओळखू येऊ नये इतका वाळलेला, उजव्या कानाने बहिरा. रज्जाक भेटायला गेला, पण आत न जाता ओट्यावरच बसला. जानराव बाहेर येऊन त्याच्या शेजारी टेकला. खाली मान घालून रज्जाक त्या दिवसाचं सगळं बोलला. बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, की आपण बहिऱ्या कानाच्या बाजूला बसलो आहोत. तो उठला, दुसऱ्या बाजूला जाऊन बसला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगू लागला.