हिरव्या गेटचा तलाव

दरवर्षी मार्च महिन्यात आमच्या तलावाच्या गेटला हिरवा रंग लागायचा. पाटबंधारे खात्याच्या जीपमधून दोन माणसं यायची, झाडाखाली बसून डबा खायची आणि संध्याकाळपर्यंत गेट, त्याचं चाक, चाकाची साखळी सगळं हिरवं करून जायची. ते चाक फिरत नव्हतं. बसवल्याच्या दुसऱ्याच वर्षी ते जाम झालं होतं, आणि आता त्यावर रंगाचे इतके थर चढले होते की गंजही दिसत नव्हता.

आमचं गाव कोंढ्यापासून पायी तासाभरावर. तलाव मालगुजारांच्या, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या, काळातला. मालगुजारी गेली, तलाव सरकारचा झाला, तरी माझ्या लहानपणापर्यंत त्याची पार, म्हणजे बांध, गावच सांभाळायचं. उन्हाळ्यात घरटी एक माणूस मातीकामाला जायचा. पाणी सोडायला दगडी तुडूम होता. त्याला पायरीपायरीनं खाली उतरत गेलेली भोकं होती. पाणी उतरेल तसं खालचं भोक उघडायचं. शेवटचं अगदी तळाशी. हे काम आजोबांपासून आमच्या घराकडे होतं, आणि त्याबद्दल धान निघाल्यावर प्रत्येक घर आम्हाला सूपभर धान द्यायचं.

मग गेट आलं. सिमेंटची भिंत, लोखंडी चाक, साहेबांना बसायला शेजारी एक खोली, जिच्यात पुढे शेळ्याच बसल्या. तुडुमाची भोकं ठेकेदारानं सिमेंटनं बुजवली. बाबांनी तेव्हाच म्हटलं होतं, "साहेब, गेट उंच बसून राहिलं. खालचं पानी कसं निघंल?" साहेबांनी त्यांच्यासमोर नकाशा धरला. बाबांना अक्षरओळख नव्हती.

त्यानंतर पारीला हात लावायला मनाई झाली, आणि पाणीपट्टी सुरू झाली.

मी तेव्हा भंडाऱ्याला कॉलेजात होतो. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिलाच. अर्थशास्त्राच्या तासाला कळलं की कर फक्त श्रीमंतच भरतात असं नाही. सुट्टीत घरी आलो तेव्हा मी ते मोठ्या उत्साहानं सांगितलं.

"माचिसवर बी टॅक्स हाये?" बाबांनी विचारलं.

"हाये. कपड्यावर हाये, साखरेवर हाये."

माय चुलीपाशी होती. "मंग उद्यापासून शेजारनीच्या चुलीतून इस्तो आनतो बाप्पा. त्याच्यावर त नाई ना?"

आम्ही हसलो. मला मात्र सरांचं एक बोलणं सोडत नव्हतं. कर देणाऱ्याला जाब विचारायचा हक्क असतो, असं ते म्हणाले होते. मी ते वहीत लिहून खाली रेघ ओढली होती.

त्या वर्षी पाऊस लवकर गेला. दसऱ्याला मी गावी आलो तर धान पोटरीत उभा होता आणि बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, भेगाळल्या होत्या. तलावात पाणी होतं, पण गेटच्या तळापेक्षा हातभर खाली. दोन अर्ज गेले होते, उत्तर नव्हतं. शेवटी एका सकाळी बाबा सब्बल, म्हणजे पहार, घेऊन तलावात उतरले. दोराचं एक टोक त्यांच्या कमरेला, दुसरं माझ्या हातात. तिसऱ्या बुडीला तुडुमाच्या तळच्या भोकाचं सिमेंट फुटलं. पाणी नहरात आलं तेव्हा म्हातारी माणसंसुद्धा कडेनं चालत गेली, अगदी शेवटच्या बांधीपर्यंत. आठ दिवसांनी बाबांनीच पळसाची पानं आणि चिखल लावून ते भोक नीट बंद केलं. गावाचा धान हाती आला.

जानेवारीत पाणीपट्टीचे कागद आले, वाढीव दरानं. शेजारचे काका तो कागद नाचवत आमच्या अंगणात आले.

"पानी तुया बापानं काढलं, मंग पट्टी सरकारले कायची? लिव बाबू अर्ज. तू कालेजात जाऊन राहिला ना? का तिथं नुसते केस फिरवाले जातेस?"

मी तीन पानं लिहिली. गेट, चाक, रंग, शेळ्यांची खोली. गेटमधून एक थेंबही आला नाही हे लिहिलं. आणि हे सिद्ध व्हावं म्हणून माझ्या वडिलांनी तुडुमाचं भोक सबलीनं कसं फोडलं, तेही लिहिलं. बाबांना विचारलं, "तुमचं नाव टाकू?"

"खरं हाये त टाक."

ते नाव लिहिताना मला अभिमान वाटला होता. हे आज कबूल करणं मला जड जातं, पण वाटला होता.

या अर्जाला उत्तर लवकर आलं. जीप आली. साहेबांच्या हातात माझीच तीन पानं होती, आणि बाबांच्या नावाखाली लाल रेघ. पंचनामा झाला: सरकारी मालमत्तेचं नुकसान, विनापरवाना पाणी. पट्टी कायम, शिवाय बाबांवर दंड आणि दुरुस्तीचा खर्च. वाचून दाखवायला साहेबांनी मलाच पुढे केलं, शिकलेला म्हणून. मी वाचला. काका पारीकडे पाहत उभे होते.

"तूच लिवलं होतं ना हे?" बाबांनी विचारलं.

"हो."

"मंग बराबर हाये." त्यांनी अंगठा लावला.

दंडापायी हल्यांची, म्हणजे नांगराच्या रेड्यांची, जोडी बाजारात गेली. मार्चमध्ये गेटला रंग लागला. मे महिन्यात तुडुमात काँक्रीट भरायला ठेकेदाराची माणसं आली, पण गाळात त्यांना भोक सापडेना. त्यांनी बाबांना बोलावलं. बाबा गुडघाभर चिखलात उतरले, पायानं चाचपलं आणि म्हणाले, "इथं." त्याची त्यांना एका दिवसाची रोजी मिळाली. ती त्यांनी घेतली. मला वाटलं होतं, घेणार नाहीत.

दोन वर्षांनी पाऊस पुन्हा तसाच गेला. तलावात गेटखाली पाणी चमकत राहिलं, त्यात बगळे उभे असायचे. दाणा न भरता धानाची नुसती तणस झाली. कोणी सब्बल काढली नाही.

पट्टीचे कागद आले. जमीन तलावाखालची, म्हणून पाणी न मिळताही आले. काकांनी त्यांचा कागद माझ्याकडे दिला. बाबा खाटेवर दोर वळत बसले होते. सवयीनं माझा हात खिशातल्या पेनकडे गेला.

"नुसता वाचून दाखव बाबू," काका हलक्या आवाजात म्हणाले. "लिवू नको काई."

बाबांनी मान वर केली नाही. मी पेन खिशात परत ठेवलं आणि कागद वाचायला लागलो.