फाटकापुरती किल्ली

अधिकार वाटण्याच्या बाबतीत माझ्या साडूइतका कंजूष माणूस कर्जत-खालापूर पट्ट्यात दुसरा झालेला नाही. दहिवलीतलं घर बंद करून तो गावाला जातो, तेव्हा झाडांना पाणी घालायला किल्ली माझ्याकडे देतो. पण फक्त फाटकाची. एकदा मी म्हटलं, "घराचीही दे. वारा सुटला तर खिडक्या बघीन." तो शांतपणे म्हणाला, "साडूभाऊ, तुमचं काम झाडांचं हाय. खिडक्यांचं नाय." परत आला की चपला काढायच्या आधी किल्लीसाठी हात पुढे. मिठाचा डबा मागितला तर हा चमच्यात मीठ घेऊन येतो, असं त्याची बायको सांगते, आणि तो ते नाकारत नाही.

खालापूरजवळच्या एका कारखान्यात तो संगणक सांभाळायचा. कोणत्या माणसाला काय उघडता येईल हे जिच्यात ठरतं, ती कारखान्याची डिरेक्टरी त्याच्या ताब्यात होती. नवा माणूस रुजू झाला की त्याचं खातं आणि ईमेलची पेटी आपोआप तयार करणारा एक प्रोग्राम आला, तेव्हा मोठे साहेब म्हणाले, "त्याला सगळे अधिकार देऊन टाका, कटकट नको." यानं त्याला नव्या भरतीच्या कप्प्यात खातं उघडायची आणि त्याला पेटी जोडायची तेवढी मुभा दिली. जुन्या खात्यांना हात लावायची नाही. "आज आलंय ते. त्याला लगेच आख्खं घर दावायचं?" एवढंच त्याचं म्हणणं. प्रोग्रामच्या उद्घाटनात काही अडलं तर तुमची खुर्ची राहणार नाही, असं साहेबांनी बजावलं. यानं मान डोलावली आणि काहीही बदललं नाही.

उद्घाटनाला मी पाहुणा म्हणून होतो. कीबोर्डला हळदकुंकू वाहिलेलं मी तिथेच पहिल्यांदा पाहिलं. झेंडूच्या हारानं निम्मा पडदा झाकला होता. कर्तृत्वावरचं भाषण संपवून साहेब संगणकापुढे बसले, आणि शुभारंभाला पहिलं नाव आपलंच हवं म्हणून नव्या कर्मचाऱ्याच्या जागी त्यांनी स्वतःचं नाव घातलं. त्यांचं खातं तर आधीपासूनच होतं. प्रोग्राम ते पुसून नवं करायला निघाला आणि अडला. झेंडूच्या खाली ठळक अक्षरं उमटली : तुम्हाला हा अधिकार नाही. कुणी हसलं नाही. इतकी माणसं एकाच वेळी बुटांकडे बघताना मात्र मी पुन्हा पाहिली नाहीत.

सगळे अधिकार दिले असते तर साहेबांची इतक्या वर्षांची पेटी त्या क्षणी कोरी झाली असती. साडूनं हे त्यांना नंतर केबिनमध्ये नीट समजावून सांगितलं. ते त्यांना नीट समजलं, हेच नडलं. त्याची बदली कारखान्याच्या भांडारात झाली. जाताना त्यानं स्वतःचे अधिकार स्वतःच काढून टाकले. "एखादा तरी ठेवायचास रं," मी म्हटलं. "कशाला? तितं गोणी मोजायच्या हायत." प्रोग्राम अजून चालतो, आणि त्याची मुभा वाढवायचं नाव पुन्हा कुणी काढलेलं नाही.

परवा तो गावाहून आला, तेव्हा मी किल्ली घेऊन फाटकात उभाच होतो. त्यानं झाडं पाहिली, चपला काढल्या, आत गेला. चहा झाला तरी हात पुढे आला नाही. शेवटी मीच किल्ली टेबलावर ठेवली.

"राऊ द्या तुमच्याकडंच," तो म्हणाला.

"अरे, पण आता तू आलास ना."

"मंग काय झालं?"

मी ती खिशात घालून घरी आलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यानं मला गरजेपेक्षा जास्त काही दिलं होतं, आणि मला ते नको होतं.