मंगळकरांना जेवणाचं आमंत्रण

त्या रविवारपासून दौलेतखान घराचा जिना मान खाली घालून चढतो.

अल्माटीच्या तारांगणात परग्रहांवरच्या जीवसृष्टीबद्दल बोलताना तो त्या दिवशी भलताच रंगात आला होता. "मंगळावरून कुणी उतरलंच, तर आपण कझाक त्याला लगेच एरुलिकला बोलावू! नव्या शेजाऱ्याला जेवू घातल्याशिवाय आपल्या घशाखाली घास तरी उतरतो का?"

टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतली एक म्हातारी हसत उठली.

"मग मीही मंगळावरूनच यायला हवं होतं रे बाळा! गेल्या हिवाळ्यापासून तुझ्या समोरच्याच दारात राहते मी."

सगळे हसले. दौलेतखान तिला हाक मारायला गेला. आजी म्हणायला तोंड उरलं नव्हतं, आणि नाव तर त्यानं कधी विचारलंच नव्हतं.