चाळणीबाईंचा गट

संशोधकांच्या त्या ऑनलाइन गटावर बाईंना सगळे चाळणीबाई म्हणत. बाईंना ते आवडायचं, पण कबूल करतील तर शपथ. इतिहासवाले, भाषावाले, संगीतवाले, तत्त्वज्ञानवाले असे सहाशे जण तिथे एकमेकांना प्रश्न विचारत. प्रत्येक संदेश आधी बाईंकडे यायचा. त्यांनी वाचून सोडला तरच इतरांना दिसायचा. तेरा वर्षं, रोज सकाळी चहाच्या आधी, बाई हे काम फुकट करत होत्या. टोमणे गाळायच्या, भांडखोरांना चार शब्द सुनवायच्या. जोडीला कुणी घ्या, असं लोक सुचवत. "दुसऱ्याच्या हातात दिलं की विचका होतो," हे बाईंचं ठरलेलं उत्तर.

मग कॉलेजातली त्यांची शिकवण्याची कंत्राटी नोकरी संपली आणि दुसऱ्याच दिवशी कॉलेजचा ईमेल बंद झाला. गटाचा कारभार त्याच ईमेलवरून चालायचा. शिवाय गटाला जागा देणाऱ्या संस्थेचा नियम असा, की नव्वद दिवस एकही संदेश दिसला नाही तर गट कायमचा बंद, तेरा वर्षांच्या चर्चांसकट.

बाई कॉलेजच्या संगणक विभागात गेल्या. तिथल्या माणसाने मान वर न करता सांगितलं, "ऑनलाइन अर्ज करा." अर्ज उघडायला कॉलेजचाच ईमेल लागत होता. संस्थेला लिहिलं, तर उत्तर आलं, "कृपया अधिकृत ईमेलवरून संपर्क साधा." शेवटी घरच्या ईमेलवरून त्या साध्या सभासद व्हायला गेल्या. तो अर्ज मंजुरीसाठी संपादकांकडे गेला. म्हणजे त्यांच्याकडेच, त्याच बंद ईमेलवर.

"मग कर की मंजूर," थोरली बहीण भाजी निवडता निवडता म्हणाली.

"ताई, डोकं फिरवू नकोस."

"मी कशाला फिरवू? तेरा वर्षं किल्ली कमरेला लावून एकटीच बसलीस. आणखी कुणाला दिली असतीस, तर आली असती का ही वेळ?"

बाईंना राग आला तो ताई बोलली म्हणून नव्हे, खरं बोलली म्हणून. त्या दिवशी त्या जेवायलाही नीट बसल्या नाहीत.

हेलपाटे घालून चपला झिजल्या. पंच्याऐंशीव्या दिवशी विभागप्रमुखांनी मोठ्या मनाने मार्ग काढला. "तुम्हाला मानद म्हणून घेऊ. ईमेल लगेच चालू होईल. आठवड्याला चार तास तेवढे शिकवा. पगाराचं मात्र..." असं म्हणून ते खिडकीबाहेर बघू लागले. ज्या कामाचे कालपर्यंत पैसे मिळत, तेच आता फुकट. बाईंनी सही केली.

घरी येऊन गट उघडला. एकशे अठ्ठावन्न संदेश अडकून पडले होते. सुरुवातीला प्रश्न होते, मग "कुणी आहे का?" असं एकोणीस जणांनी वेगवेगळं विचारलेलं. सगळेच बोलत होते आणि प्रत्येकाला वाटत होतं, बाकीचे गप्प आहेत. बाईंना स्वतःचीच चीड आली.

शेवटचा संदेश संगीतवाल्या आजोबांचा होता. बाईंशी तेरा वर्षं ज्यांचं एकदाही पटलं नाही, ते हेच. "तीन प्रश्न विचारले. एकालाही उत्तर द्यावंसं कुणाला वाटलं नाही. माझी गरज संपलेली दिसते. गट सोडतो आहे."

बाईंनी एकही शब्द न गाळता सगळे संदेश सोडले. आजोबांच्या निरोपाखाली सहाशे जणांदेखत लिहिलं, "तुम्हाला कुणी टाळलं नाही. तुमचे प्रश्न कुणापर्यंत पोचलेच नाहीत, कारण कारभार मी माझ्या एकटीच्या हातात ठेवला होता. चूक माझी." मग आजोबांना वेगळं पत्र पाठवलं: माझ्या जोडीने संपादक व्हाल का?

तासाभरात उत्तर आलं.

"आधी माझ्या तीन प्रश्नांची उत्तरं येऊ देत. मग बघू."