मावशीचं वाण

हळदीकुंकवाचं बोलावणं आलं की अजून मी काहीतरी निमित्त काढून घरीच बसते. सुना हसतात. हसू देत. एका हळदीकुंकवानं माणूस आयुष्यातून कसं उठतं, ते त्यांनी कुठं बघितलंय!

स्वराज्य येऊन चार-पाच वर्षं झाली असतील. ठाण्यात खाडीच्या अंगाला गंजिफ्रॉकचा एक कारखाना होता, तिथं मी सुताच्या कांड्या भरायचे. माझ्या शेजारी कळव्याची मावशी. नात्याची कुणी नव्हे, पण सगळ्या बायका तिला मावशीच म्हणायच्या. नवरा ऐन तारुण्यात गेलेला. घरात आंधळी सासू आणि लग्नाला आलेली मुलगी, तिघींची चूल हिच्याच कामावर पेटायची. तरी तोंडानं अशी फटकळ की मुकादमाला सगळ्यांदेखत सुनवायची, "युनियन करणं आमचा हक्क आहे. सरकारनं कायदा केलाय, युनियनमध्ये गेली म्हणून कुणाला काढता येत नाही." मुकादम नुसता हसायचा. ते हसणं मला मुळीच आवडायचं नाही.

पुरुषांची युनियन होती, बायका अजून बाहेर होत्या. फाटकाशी चौघी बोलत उभ्या राहिल्या की मुकादमाचा माणूस जवळ येऊन विडी शिलगावायचा. बोलायचं तरी कुठं? शेवटी मीच म्हटलं, संक्रांत झालीय, नौपाड्यात माझ्या खोलीवर हळदीकुंकू ठेवते. हळदीकुंकवाला बायका जमल्या तर विचारायची कुणाच्या बापाची हिंमत आहे!

रविवारी दुपारी खोली गच्च भरली. मावशीनं मात्र पुढं बसायचं नाही, तेव्हाची रीतच तशी मेली. ती आत चुलीपाशी बसली आणि पडद्याआडून बोलू लागली. "घाबरताय काय गं? सगळ्यांनी एकदम नावं दिली तर तो कुणाकुणाला काढेल?" आमच्या हाताला अत्तराचा वास, ओच्यात हरभरे, आणि कान त्या पडद्याकडे.

तेवढ्यात दारात मुकादमाची बायको!

"मला नाही का गं बोलावलंत?"

भरल्या कपाळाच्या बाईला दारातून परत कोण पाठवणार? मी तिला कुंकू लावलं, तिळगूळ दिला, वाणाची साबणाची वडी दिली. आत मावशी गप्प झालेली. बाई ऐसपैस बसली, गोड गोड बोलली, एकेकीचा चेहरा सावकाश न्याहाळला. मग म्हणाली, "पाणी दे गं जरा," आणि मी उठायच्या आत स्वतःच पडदा सारून आत गेली.

एवढं सोंग सजवलं, पण हळदीकुंकवाला विधवा कशाला येईल, हे आमच्या एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"अगंबाई, तुम्हीसुद्धा?" एवढंच ती मावशीला म्हणाली आणि पाणी न पिताच निघून गेली.

पुढच्याच आठवड्यात मावशीला काढलं. कारण काय, तर म्हणे सूत खराब करते! मला इतका संताप आला की कांडी फेकून मारावीशी वाटली. मुकादम आता कुणाशी बोलत नव्हता. नुसता एकेकीच्या मागं येऊन उभा राहायचा, बराच वेळ, आणि पुढं जायचा. बायकांनी एकमेकींकडे बघणंसुद्धा सोडलं.

युनियनच्या वकिलानं मावशीची केस कोर्टात घातली. युनियनपायी काढलं हे सिद्ध झालं की कामावर परत घ्यावंच लागेल, म्हणाला. मी साक्ष द्यायला तयार होते. आधी मावशी उभी राहिली. मुकादम आणि त्याची बायको मागच्या बाकावर.

कंपनीच्या वकिलानं विचारलं, "त्या दिवशी त्या खोलीत युनियनची सभा होती की हळदीकुंकू?"

सभा म्हटलं असतं तर मावशीचं काम परत मिळालं असतं. पण मग तिथं बसलेली प्रत्येक बाई युनियनवाली ठरली असती, आणि त्या मागच्या बाकावरल्या बाईला आम्हा सगळ्यांचे चेहरे पाठ होते. मावशीनं वळून तिच्याकडे पाहिलं.

"हळदीकुंकू," ती म्हणाली.

मी ताडकन उठले. "अगं मावशी, काय बोलतेस हे?" तिनं असे डोळे वटारले की मी मुकाट खाली बसले.

वकील हसला. "मग विधवा बाईचं तिथं काय काम?"

मावशीनं पदर कपाळावर ओढला. मुकादमाला कायदा सुनावणारी ती बाई, तिचा आवाज मला ओळखू येईना.

"वाण मिळेल म्हणून गेले होते, साहेब. साबणाची वडी."

कोर्टात हशा पिकला. मुकादमही हसला, तेच त्याचं हसणं. मला मग कुणी साक्षीला बोलावलंच नाही.