मेंडिगचं जातं

सासूबाई पुण्याहून जर्मनीत आमच्याकडे आखनला आल्या, तेव्हा मी त्यांना आणि माझ्या लेकीला ज्वालामुखीतून झालेलं लाखर झे हे तळं दाखवायला नेलं. भोवतीची गावंही मीच ठरवली होती. तळं पाहून त्या म्हणाल्या, "आपल्या पवनेसारखंच आहे." मायेनच्या किल्ल्यावर म्हणाल्या, "चढ अगदीच कमी." मी दातओठ खात मेंडिगला गाडी थांबवली.

चौकात लाव्हाच्या दगडाची जुनी, मोठाली जाती मांडलेली होती. दमून मी एकावर बसले.

"ऊठ! जात्यावर बसतात का कुणी?" सासूबाई कडाडल्या.

"अहो आई, आता ह्यावर कोण दळतंय?"

"म्हणून काय झालं? लक्ष्मी आहे ती."

मी उठले. तेवढ्यात जर्मन आजी-आजोबा येऊन त्याच जात्यावर टेकले.

"सांग गं त्यांना," सासूबाई माझ्या लेकीला म्हणाल्या. एरवी मराठीला जर्मनमध्ये उत्तर देते म्हणून रोज आजीची बोलणी खाणारी माझी लेक पुढे झाली आणि जर्मनमध्येच ठणकावून म्हणाली, "इथे बसायला मनाई आहे."

दोघंही माफी मागत ताडकन उठले. मनाई कुणाची, हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही. त्या दिवशी सासूबाईंना जर्मनी पहिल्यांदा आवडली.